कल्पाकाखालची हाडं

कोक-बुलाक, २ मार्च

टण्. टण्-टण्. टण्.

शेरगाझी, तो आवाज अजून तुझ्या कानात आहे, की राजधानीत गेल्यावर तोही पुसला गेला? आपले मास्तर मुकाय अगाय कवितेच्या तासाला लोखंडी शेगडीच्या धुराड्यावर सळईने ताल धरायचे, काजळी झडून त्यांच्या टकलावर पडायची, आणि अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा:

डोंगर म्हणे, ढगा ढगा, घटकाभर तू थांब ना,
ढग म्हणे, मी वाऱ्याचा, वाऱ्यालाच तू सांग ना!

'सांग ना'वर तुझा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. अगाय म्हणायचे, "शेर, डोंगर विनवतोय रे, हुकूम नाही सोडत." तुला तेव्हापासून हुकूमच जमायचा.

आपलं बोलणं बंद होऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. हे पत्र तू न वाचता फाडशील याची शक्यता मी दहात सहा धरतो. म्हणजे वाचशील याची दहात चार. चारवर मी लिहायला बसलोय. चार पुष्कळ असतात.

तुझ्या मुलाने मला पेन्शनीतून उठवून पुन्हा कामाला जुंपलंय. तिलेकच्या हाती आमचं हवामान केंद्र दिलंस तेव्हा इथे कुणाला नवल वाटलं नाही. माझ्या मांडीवर खेळायचा तेव्हा म्हणायचा तसंच अजून 'अबाके' म्हणतो, काकाला म्हणावं तसं. फक्त आता डोळे फोनवर असतात. वरून ठरलंय म्हणे की यापुढे अंदाज शक्यतेच्या आकड्यात द्यायचा. वरून म्हणजे तुझ्याच मजल्यावरून असणार. एक परदेशी बाई आली, भिंतीवर रंगीत चित्रं पाडली, गोड बोलली, आपल्या तळलेल्या बोरसोकची तारीफ केली आणि गेली. उरलेलं शिकवायला मी.

शिकवायचं ते तसं सोपं आहे. संगणक उद्याचं हवामान एकदा काढत नाही, पन्नास वेळा काढतो, दर वेळी आजची सुरुवात केसभर बदलून. त्यातल्या पंधरा वेळा सारी-बेल खिंडीत बर्फ पडला, तर शक्यता दहात तीन. पण यंत्राला आपली खिंड सपाट टेकाडासारखी दिसते, म्हणून माणसाने त्यावर आपली अक्कल लावून स्वतःचा आकडा सांगायचा. तो खरा कसा ठरतो? ज्या ज्या दिवशी तू 'तीन' म्हणालास, त्या सगळ्या दिवसांपैकी दहात तीन दिवशी बर्फ पडला पाहिजे. जास्त वेळा पडला तर तू झोपाळू, कमी वेळा पडला तर बोंबल्या. बस्, एवढंच. पण एवढ्यासाठी माणसाला दुसऱ्याकडे न बघता बोलता यावं लागतं.

पहिल्या सकाळी मी विचारलं, "उद्या खिंडीत किती?" सगळ्या माना एसेनकानकडे. शिकायला बसलेल्यांत सगळ्यात थोरला तो. त्याने दाढी खाजवली, छताकडे पाहिलं, म्हणाला, "सहा."

मग ओळीने: सहा. सहा. "माझेपण सहाच, अगाय." सहा.

खिडकीपाशी एक मुलगी होती, बुरुल. वरच्या कुरणाकडच्या मेंढपाळांची, शिकून आलेली, वर्गात सर्वांत धाकटी. ती म्हणाली, "दोन."

एसेनकान हसला. "पोरी, मी गुडघ्याला विचारून सांगतोय."

"तुमच्या गुडघ्याने गेल्या आठवड्यात रोज सहाच सांगितलं, अबाके. त्याला तेलपाणी करा."

दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. त्याने काही सिद्ध होत नाही. एका दिवसाने कधीच काही सिद्ध होत नाही, हाच तर धडा आहे. पण ती पाच 'सहा' ऐकताना, शेर, मुकाय अगायांचा वर्ग आठवला. कवितेत एक सूर शोभतो रे. इथे तो ऐकून ओकारी आली.

तोलोमुश


२९ मार्च

शेरगाझी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती; पण पोस्टमन आला की मी दाराशी जातो, ते पाय मोकळे करायला.

वर्गाची हकिगत ऐक. मी नियम केला: धाकट्याने आधी बोलायचं, थोरल्याने शेवटी. एसेनकान उठूनच उभा राहिला. "वा! आता मेजवानीत मेंढ्याचं डोकंही हिच्याच ताटात ठेवा, आणि मला शेपूट द्या!" सगळे हसले. बुरुलने लाजून मान खाली घातली, आणि नियम पहिल्याच दिवशी मेला. कारण ती बोलली की बाकीचे खोकत, चहा ओतत, खिडकी लावत वेळ काढायचे, आणि एसेनकानच्या भुवया कुठे जातात ते बघून मग तोंड उघडायचे.

म्हणून मी घरून मेंढीच्या घोट्याची हाडं नेली, आपण अंगणात खेळायचो तीच. प्रत्येकाला दहा हाडं आणि एक लाकडी वाडगा. शक्यता जेवढी, तेवढी हाडं वाडग्यात टाकायची, वर आपला कल्पाक झाकायचा, आणि मी 'उचला' म्हटलं की सगळ्यांनी एकदम टोप्या उचलायच्या. नंतर हवामान घडलं की दंड: पडलं तर दहा, नाही तर शून्य धरायचं; आपला आकडा त्यापासून जितका लांब, ती संख्या तिनेच गुणून तेवढा. आठ म्हणालास आणि कोरडं गेलं तर नुसती चूक नाही, कंबरडं मोडतं.

पहिला आठवडा बरा गेला. मग टोप्यांखालून पुन्हा सारखेच आकडे निघायला लागले. एसेनकानचे चार, तर सगळ्यांचे चार. मी चक्रावलो. कुणी कुणाचं बघू शकत नव्हतं. मग एकदा डोळे मिटून बसलो तेव्हा कळलं. एसेनकान हाडं टाकायचा, टक्, टक्, टक्, टक्. आणि खोली श्वास धरून ऐकायची. मग बाकीचे टाकायचे. पदव्या घेतलेली माणसं रे! आभाळाचा आवाज ऐकायचं सोडून म्हाताऱ्याच्या वाडग्याचा आवाज मोजत होती. मला इतकी शिसारी आली की तास सोडून अंगणात जाऊन थुंकलो.

दुसऱ्या दिवशी वाडग्यांच्या तळाशी लोकरीचा नमदा घातला. आवाज बंद. टोप्या उचलल्यावर पुन्हा वेगवेगळे आकडे दिसले. बाकीच्यांचे आकडे बघून एकाचा हात स्वतःच्या न उचललेल्या टोपीखाली गेला तेव्हा मी मनगट धरलं. "काय चाललंय?"

"एक हाड निसटलं होतं, अगाय. परत आत ढकलत होतो."

"हाडाला पाय फुटले?"

"मेंढीचंच आहे ना अगाय, चालणारच."

हसलो मीही. पण चार दिवसांत त्यांना त्याहून सोपी युक्ती सापडली. पाच. रोज पाच. एसेनकाननेच मला समजावलं, डोळा मारून: "पाच म्हटलं की पडलं तरी आपण बरोबर, नाही पडलं तरी बरोबर. दंड मधलाच, आणि नोकरी शाबूत. तू एवढा शिकलेला, हे तुला सुचलं नाही?"

सुचलं नाही. अजूनही सुचवून घ्यायचं नाही मला.

एकटी बुरुल शिकली. तिने टाकलेले आकडे मी जपून मांडतो: तिच्या दोनांच्या दिवशी दहात दोनदाच्या आसपास बर्फ पडतो, सातांच्या दिवशी सातदा. परवा तिने आठ टाकले आणि कोरडं गेलं. बाकीचे माना वळवून हसले. ती म्हणाली, "आठांमागे दोन उरतात, अगाय. आज ते दोन आले." मुकाय अगाय असते तर तिला फळ्यासमोर उभी करून टाळ्या वाजवल्या असत्या.

तोलोमुश


२१ एप्रिल

शेरगाझी,

वर्ग संपला. समारंभ झाला. तू येणार असं ऐकलं होतं, तुझी खुर्चीही मांडली होती, पांढरी चादर घालून. तू आला नाहीस. सवय आहे आम्हाला. माझ्या सैराच्या मयतीलाही तुझी जागा अशीच मोकळी राहिली होती.

ते जाऊ दे. जेवणाचं सांगतो. तिलेकने मेंढा कापला. डोकं एसेनकानच्या पुढे आलं, रोज पाच टाकणाऱ्याच्या पुढे. त्याने कान कापून तिलेकला दिला, तिलेकने हसत तोंडात घातला, आणि चरबी हनुवटीवर ओघळत असताना भाषण केलं: "आजपासून आमचं केंद्र आकड्यांत बोलेल." मग सगळ्यांना सरसकट प्रमाणपत्रं. झोपणाऱ्याला, ढकलणाऱ्याला, ऐकून मोजणाऱ्याला. बुरुललाही तेच, त्याच शाईचं. तिने घडी करून बुटात खोचलं. "ऊब येते, अगाय," म्हणाली.

मी मटणाला हात लावला नाही. कुमिस तेवढा प्यायलो. परत येताना नदीच्या पुलावर उभा राहिलो, आणि आपण पोरं इथून दगड टाकायचो ते आठवलं; दगड पडायच्या आधी तू ओरडायचास, "बुडाला!" पाण्यात पडो की वाळूत. आता वाटतं, तुझ्या सगळ्या कारकिर्दीचं बीज तिथेच होतं.

हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

तोलोमुश


१९ मे

शेरगाझी,

सारी-बेलवर काय झालं ते तुला सरकारी कागदातून कळलं असेल. आता माझ्याकडून ऐक.

वर्ग संपल्यावरही मी सकाळच्या बैठकीला कोपऱ्यात जाऊन बसायचो. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी उठवलंही नव्हतं. टोप्या आणि वाडगे कधीच फडताळात गेले होते. त्या सकाळी पहिले कळप खिंड चढायला निघणार होते. तिलेकने विचारलं, "बोला, काय?"

एसेनकान: "कोरडं वाटतं." बाकीचे: कोरडं, कोरडं.

बुरुल म्हणाली, "खिंडीत बर्फाची शक्यता दहात तीन. पडला तर साधा नाही, ओला आणि वाऱ्याचा. रेडिओवर आकडा सांगायला हवा."

"तीन म्हणजे पाचाच्या खाली," तिलेक म्हणाला. "पाचाच्या खाली म्हणजे नाही."

"पाचाच्या खाली म्हणजे पाचाच्या खाली, साहेब. नाही म्हणजे शून्य."

मी कोपऱ्यातून म्हटलं, "तिलेक, पोरगी बरोबर बोलतेय. तीनच सांग."

"अबाके, मेंढपाळाला तीन-बीन कळत नाही. पडणार की नाही, एवढंच हवं असतं त्याला."

"मग नाणं उडव ना. आकाशाकडे बघायचीही गरज नाही."

"नाण्याला पगार द्यावा लागत नाही," तो हसून म्हणाला, "तुम्हाला मात्र द्यावा लागतो." खोली हसली. एका सुरात.

रेडिओवर गेलं: हवामान कोरडं, खिंड खुली.

दुपारनंतर वर आभाळ फाटलं. पाऊस, मग ओला बर्फ, मग वारा. तेव्हा मेंढपाळ जोलोमान चढावर होता, नुकती व्यालेली मेंढरं आणि कोकरं घेऊन, बरोबर धाकटा भाऊ. कोकरं उभ्या उभ्या गोठली. भाऊ त्यांना कोटाखाली घेत फिरत राहिला, एक ठेवायचा, दुसरं उचलायचा. त्याच्या पायाची बोटं कापावी लागली.

दवाखान्याच्या ओसरीवर जोलोमान भेटला. मला वाटलं शिव्या देईल. तो भिंतीला टेकून बसला होता.

"खरं सांगा अगाय, तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं. दहात तीन शक्यता होती."

"तीनला मी थांबलो नसतो," म्हणाला. "गवत संपलं होतं खाली. पण कोकरं मागे ठेवली असती बायकोजवळ. आणि ह्याला म्हटलं असतं, जाड मोजे घाल."

शेर, हे वाक्य मी कालपासून घोळवतोय. जाड मोजे. आपला सगळा धंदा, ते पन्नास वेळा चालणारं यंत्र, परदेशी बाईची रंगीत चित्रं, सगळं कशासाठी, तर एका माणसाने दुसऱ्याला जाड मोजे घाल म्हणावं यासाठी. आणि तुझ्या मुलाने तेवढंच कापलं.

तोलोमुश


२८ मे

शेरगाझी,

आता बुरुलला दोषी ठरवताहेत. "तिनेच बर्फाची शक्यता कमी सांगितली," असा तिलेकचा अहवाल आहे. जे 'कोरडं' म्हणाले ते सुटले, कारण त्यांनी आकडाच सांगितला नव्हता! जिने तीन सांगितले तिची मान सापडली, कारण धरायला तिच्याकडेच काहीतरी होतं. असं नीच गणित मी आयुष्यात पाहिलं नाही. उंदीर मेलेल्या कोठीचा वास येतो ह्या अहवालाला.

तिला घरी बसवलंय. कायमचं काढायचं तर तिला मी पास केलंय ही अडचण आहे. म्हणून मी लिहून द्यायचं की बुरुल प्रशिक्षणात नापास होती आणि प्रमाणपत्र नजरचुकीने गेलं. कागद घेऊन एसेनकान माझ्या घरी आला. कल्पाक हातात, डोळे जमिनीवर.

"सही कर, तोलोमुश. पोरगी तरुण आहे, कुठेही चिकटेल. आपण म्हातारे कुठे जाणार?"

"तू पाच टाक म्हणतोस का इथेही?"

"थट्टा करू नकोस. माझी तीन नातवंडं शिकताहेत."

"तिची नोकरी जाईल."

"लग्न होईल तिचं. चुलत्याने मुलगाही बघितलाय."

बघितलाय खरंच. चुलता गावात सांगत फिरतोय, आकड्यांचं खूळ उतरलं, आता चूल सांभाळेल. मी तिच्याकडे गेलो होतो. ती अंगणात लोकर पिंजत होती, काठीने असे सपासप फटके मारत की मी दोन पावलं मागेच थांबलो. म्हणाली, "तुम्ही सही करणार नाही हे मला माहीत आहे, अगाय. पण ते कुणाकडून तरी करून घेतील." मी म्हटलं, "शक्यता?" ती म्हणाली, "नऊ," आणि पुन्हा काठी उचलली.

एसेनकानला मी चहा दिला, सही दिली नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकावर पहारेकऱ्याने मला अडवलं. "वरून सांगितलंय, अगाय." मागच्या पत्रात मी लिहिलं नाही, पण पगार तर सारी-बेलच्या आठवड्यातच थांबला होता. गुडघे दुखतात म्हणून जात नाही असं शेजाऱ्यांना सांगतो. तुला खरं सांगितलं, कारण तू कुणाला सांगणार नाहीस. तू माझ्याशी बोलतच नाहीस.

त्या मुलीचा कागद तुझ्या टेबलावर येणार आहे. तू एका ओळीने तो थांबवू शकतोस. त्यासाठीच हे सगळं लिहितोय, आणि त्यासाठीच ती गोष्ट काढावी लागतेय जी मी काढणार नव्हतो.

सैरा गेली तेव्हा तू तार पाठवलीस: 'खिंड बंद असल्याने येऊ शकत नाही.' शेर, त्या दिवसाचा खिंडीचा अंदाज मीच दिला होता. बायको आत पांढऱ्या कापडात होती, आणि मी तंबूबाहेर जाऊन निरीक्षणं घेतली, कारण माणसं दुरून येणार होती. तेव्हा आकडा कुणी मागत नव्हतं, तरी मी तुझ्या कचेरीला कळवलं: बंद पडण्याची शक्यता दहात चार. तू ते वाचलंस आणि चाराचे दहा केलेस. खिंड उघडी राहिली. सैराच्या माहेरची माणसं घोड्यावरून आली, तिची आंधळी आत्यासुद्धा. बंद झाली असती तरी मी काही बोललो नसतो. पण दहात चार असताना माणूस निघतो रे. निम्म्या वाटेवरून परत जातो, पण निघतो.

तू चाराचे दहा केलेस, तुझ्या मुलाने तिनाचं शून्य केलं. दोघांनीही आपापल्या सोयीचं. याच्याहून जास्त कडू मला लिहिता येत नाही, आणि याच्याहून कमी लिहिलं तर त्या मुलीचं नुकसान होईल.

तोलोमुश


५ जून

शेरगाझी,

तुझी ओळ आली नाही. कागद मात्र आला. बुरुलला काढलं. माझ्या जागी एसेनकानने 'ज्येष्ठ प्रशिक्षक' म्हणून सही केली. नऊ म्हणाली होती ती.

आता तुला मागण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून हे पत्र हलक्या हाताने लिहितोय. सकाळपासून जुनी शाळा आठवतेय. 'चिमणी आणि वादळ' ही कविता तुला यायची नाही, मी मागून कुजबुजायचो:

पंखावरती ओझे नाही, ओझे आहे मनावरी,
घरटे आहे फांदीवरती, फांदी आहे वाऱ्यावरी.

तू दुसऱ्याचं ऐकून म्हणायचास, पण म्हणायचास फार सुंदर.

बाजारात गेलो होतो. खिंडीच्या पायथ्याशी उरलेले सगळे कळप येऊन थांबलेत. यंदा कुणी रेडिओवर विश्वास ठेवत नाही. बायका-मुलं, तंबू, भांडी, सगळं गाड्यांवर बांधलेलं, आणि माणसं आभाळाकडे बघत चहा पिताहेत. खालचं गवत संपलंय. वाट बघितली तर जनावरं उपाशी, चढले आणि फसले तर जोलोमानसारखं. चौघांनी मला घेरलं. "अगाय, परवाचं काय?" मी म्हटलं, माझ्याकडे नकाशे नाहीत, यंत्र नाही, मी सांगितलं तर ती थाप होईल. एकजण म्हणाला, "थाप तर थाप, तुमची गोड लागेल." मला माझीच किळस आली, कारण क्षणभर सांगावंसं वाटलं.

परत येऊन हे लिहायला बसलो. ऊन कललंय. कुत्रं का भुंकतंय कोण जाणे. पोस्टमनची वेळ टळली, आणि त्याच्यावर ते भुंकत नाही.

दार वाजतंय. थांब.

शेर, तुझा मुलगा आला आहे.

गाडी नाही, चालक नाही. गुडघ्यापर्यंत चिखल. मी दारात हात आडवा घातला. आपल्या लोकांत कुणी पाहुण्याला उंबऱ्याबाहेर ठेवत नाही, मी ठेवला. म्हटलं, "कुणाची सही हवी आहे आता?"

"सही नको, अबाके." फोन खिशात होता, डोळे माझ्यावर. "परवासाठी यंत्र अर्धं-अर्धं दाखवतंय. खाली दोनशे कुटुंबं आहेत. मी खोलीत विचारलं, सगळे पाच म्हणाले. म्हणून मी म्हटलं, मला सात वाटतात. तर सगळे सात म्हणाले. मग मी म्हटलं, नाही, दोन असतील. तर म्हणाले, हो साहेब, दोनच. एसेनकान अबाके तर म्हणाले, मी आधीच दोन म्हणणार होतो." त्याने कल्पाक काढला, पुन्हा घातला. "पाच तोंडांतून मला माझाच आवाज ऐकू येतोय. मला भीती वाटतेय."

"वाटू दे. चांगली गोष्ट आहे. पण माझ्याकडे नकाशे नाहीत. बुरुलकडे जा."

"तिच्याकडूनच आलो. नकाशे घेऊन गेलो होतो." कोटाच्या आत त्याने गुंडाळी धरली होती, चिखल लागू नये म्हणून, लेकरू धरावं तशी. "दार उघडत नाही. तिचा चुलता मध्ये पडला तर त्यालाही आतून ओरडली. मी म्हटलं, बाई, नुसता आकडा सांग, मी रेडिओवर जसाच्या तसा वाचतो, तुझ्या नावानिशी."

"मग? काय म्हणाली?"

तिलेकने खाली पाहिलं.

"म्हणाली, नापास मुलीला आकडा कशाला विचारता? जा, आधी मला पास करून या."